कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर आधी झुडपे, मग झाडे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीतील आपल्या कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी भागात, एका कोळसा खाणीच्या १२ हेक्टर ढिगाऱ्यावर ३०,००० झाडे लावण्याचा प्रस्ताव आला आहे. देखभाल तीन वर्षांची असून जगलेल्या रोपांच्या टक्केवारीवर कंत्राटदाराचे पैसे ठरणार आहेत. एका सल्लागाराने झाडांऐवजी झुडपे लावा असे सुचवले आहे. त्यात तथ्य किती, कोणती झुडपे लावावीत, माती खरोखर सुधारते आहे की नाही हे नवी मुंबईत बसून कसे ओळखावे, आणि हीच पद्धत तुर्भ्याच्या बंद दगडखाणींना लागू पडेल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

सल्लागाराचे म्हणणे मला पटते, फक्त ‘झाडांऐवजी’ न म्हणता ‘झाडांच्या आधी’ असे म्हणावे लागेल. मी ठाण्यात राहत असलो तरी माझ्या कामाचा बराचसा काळ चंद्रपूर, वणी, घुग्घुस आणि उमरेड या कोळसा पट्ट्यातील ढिगाऱ्यांवर गेला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, या ढिगाऱ्यावर पहिली पाच वर्षे झाडे वाढवण्याची नसतात, माती घडवण्याची असतात. आणि ते काम झुडपे, गवत व शेंगावर्गीय वनस्पती मिळून जेवढ्या खात्रीने करतात तेवढ्या खात्रीने एकटी झाडे करू शकत नाहीत.

हा ढिगारा बनतो कसा ते आधी पाहू. खुल्या खाणीत कोळशाच्या थरावरचे सगळे काही शॉव्हेलने उचलून डंपरने बाजूला नेऊन टाकतात. खाणीतली माणसे त्याला ‘ओबी’ (ओव्हरबर्डन) म्हणतात. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या वर गोंडवाना काळातील वालुकाश्म, शेल (दबलेल्या चिखलाचा पापुद्र्यांचा खडक) आणि चिकणमातीचे थर असतात, आणि वणीकडे बऱ्याच ठिकाणी त्यांच्याही वर काळी कसदार जमीन असते. खोदकाम वरून खाली होत असल्यामुळे कसदार माती सर्वांत आधी निघते. ती वेगळी साठवली नाही तर ढिगाऱ्याच्या तळाशी गाडली जाते, आणि सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा, आजवर कधीही ऊन, हवा किंवा मुळे न पाहिलेला खडक माथ्यावर येतो. त्यात जिवाणू जवळजवळ नसतात, बुरशी नसते, कुजलेला पालापाचोळा नसतो आणि झाडाला घेता येईल असा नत्र (नायट्रोजन) तर नसतोच. त्यावर डंपर आणि डोझर फिरत राहिल्याने सपाट माथा इतका घट्ट होतो की पावसाचे पाणी त्यावरून नुसते वाहून जाते. उतारावरची स्थिती याच्या उलट असते. तेथे दगडगोटे सुटे असतात, त्यामुळे पाणी थांबत नाही आणि बारीक कण पहिल्याच पावसात खाली येतात. गडद शेल उन्हात प्रचंड तापते. मे महिन्यात चंद्रपूर-वणीचे हवेतले तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते तेव्हा त्या काळ्या पृष्ठभागाजवळ कोवळ्या रोपाची साल अक्षरशः भाजून निघते.

एका बाबतीत मात्र आपल्या भागाचे नशीब चांगले आहे. भारतातील गोंडवाना कोळशात गंधक सहसा एक टक्क्याहून कमी असते. त्यामुळे मेघालय किंवा आसाममधील खाणींतून जसे अतिआम्ल पाणी झिरपते, तसा प्रकार वर्धा खोऱ्यात क्वचित दिसतो आणि ढिगाऱ्याचा सामू (पीएच) बहुधा उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असतो. म्हणून येथे चुना टाकण्याची घाई करू नये. सामू तपासल्याशिवाय चुना सुचवणारा प्रस्ताव मी बाजूला ठेवीन.

आता मूळ मुद्दा, नत्राचा. कोणत्याही जमिनीवरचे वनस्पतिजीवन स्वतःच्या बळावर टिकायचे असेल तर त्या जमिनीत नत्राचा ठरावीक साठा असावा लागतो. लिव्हरपूल विद्यापीठातील परिसरशास्त्रज्ञ अँथनी ब्रॅडशॉ यांनी खाणीच्या पडीक जमिनींवर दीर्घकाळ काम केले आणि हा साठा हेक्टरी सुमारे १,००० किलोच्या घरात असावा लागतो असे मांडले. तो अंदाज थंड हवामानाचा आहे. आपल्याकडे कुजण्याचा वेग जास्त असल्याने आकडा बदलेल, पण कामाचा आवाका समजायला तो पुरेसा आहे. युरियात ४६ टक्के नत्र धरला तर १,००० किलो नत्रासाठी ४५ किलोच्या ४८ गोण्या दर हेक्टरी लागतील. त्या टाकल्या तरी उपयोग होणार नाही, कारण नत्र धरून ठेवणारा सेंद्रिय अंशच तेथे नाही. पहिल्या मोठ्या पावसात तो नाल्यावाटे निघून जाईल. नत्र हळूहळू, वर्षानुवर्षे, पाने आणि मुळे यांच्या रूपाने जमिनीत उतरला तरच टिकतो. हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत बांधणाऱ्या शेंगावर्गीय वनस्पती हे काम करतात, आणि त्यांतही झुडपे लवकर पसरतात, दरवर्षी भरपूर पाने गाळतात, छाटली तरी पुन्हा फुटतात.

झुडपाचे दुसरे काम सावलीचे आहे. जमिनीलगत पसरलेल्या फांद्यांखाली पृष्ठभाग कमी तापतो, ओल थोडी जास्त टिकते, वाऱ्याने उडालेली धूळ आणि पाचोळा तेथेच अडकतो, पक्षी बसतात आणि बिया टाकतात. दोन-तीन पावसाळ्यांनंतर प्रत्येक झुडपाखाली वेगळ्या रंगाचे एक वर्तुळ दिसू लागते. मोकळ्या जागेतली आणि त्या वर्तुळातली मूठभर माती हातात घेतली की फरक चटकन कळतो. एक बोटांतून वाळूसारखी निसटते, दुसरीची ढेकळी बनते. पुढे लावायची पळस, शिरीष, करंज, बेहडा यांची रोपे नेमकी या वर्तुळांच्या कडेला लावली तर ती टिकतात. आपल्या प्रस्तावात पहिल्याच पावसाळ्यात दोन बाय दोन मीटरवर, म्हणजे हेक्टरी २,५०० झाडे लावायची आहेत. त्यांच्यासाठी खड्ड्यात बाहेरून माती आणि शेणखत भरले जाईल, रोप दोन वर्षे त्या खड्ड्यापुरते छान वाढेल, आणि मुळे खड्ड्याच्या भिंतीला टेकली की वाढ खुंटेल. हे कुंडीतले झाड असते, फक्त कुंडी जमिनीत पुरलेली असते. तीन वर्षांनी पाहणीला येणाऱ्याला रोपे जगलेली दिसतात आणि कंत्राटाची मुदतही तेथेच संपते.

झुडपे निवडताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. शेंगा येतात म्हणून प्रत्येक वनस्पती नत्र बांधतेच असे नाही. तरवड आणि टाकळा यांना शेंगा येतात, पण त्यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी होत नाहीत. तरीही तरवड मी लावतोच, कारण ती उघड्या मुरमातही तग धरते आणि गुरे-शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत. फक्त तिला नत्राच्या हिशेबात धरू नये. नत्रासाठी पहिल्या पावसाळ्यात उन्हाळी (काही ठिकाणी तिला शरपुंखा म्हणतात), खुळखुळा, रानटी नीळ, शेवरी आणि तूर यांचे बी थेट पेरावे. तूर ऐकून आपल्याला नवल वाटेल, पण तिची मुळे खोल जातात, तिचा पाला भरपूर गळतो आणि बी गावातच मिळते. मात्र या तुरीच्या शेंगा खाण्यासाठी तोडू नयेत, कारण ढिगाऱ्यातील जड धातूंची तपासणी झालेली नसते. गिरिपुष्पाची छाट कलमे सपाट माथ्यावर चांगली लागतात आणि वर्षातून दोनदा छाटून पाला तेथेच आंथरता येतो. उतारावर धायटी, निर्गुडी आणि मुरुडशेंग लावावी. या तिन्ही मध्य भारतातल्या कोरड्या पानझडी जंगलातल्याच आहेत. निर्गुडीला गुरे तोंड लावत नाहीत आणि तिची मुळे उताराचे सुटे दगड बांधून ठेवतात. बोर आणि करवंद पक्ष्यांना बोलावतात, पण बोरीचा कोवळा पाला शेळ्यांना आवडतो, म्हणून ती राखण असलेल्या भागातच लावावी.

सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि वेडी बाभूळ यांचा आग्रह प्रस्तावात असेल तर तो नम्रपणे नाकारावा. या तिन्ही नत्र बांधतात हे खरे आहे आणि त्या लवकर हिरवळ देतात हेही खरे आहे. पण ऑस्ट्रेलियन बाभळीची जाड पाने सावकाश कुजतात, तिच्या दाट सावलीखाली दुसरे फारसे काही उगवत नाही, आणि वीस वर्षांनीही तेथे एकाच जातीची लागवड उभी दिसते. वेडी बाभळीचा प्रश्न याहून गंभीर आहे. चंद्रपूर परिसरात जुन्या ढिगाऱ्यांवर माजलेल्या दाट काटेरी झाडीत वाघ आणि बिबटे आसरा घेतात, आणि अगदी शेजारी कामगारांच्या वसाहती असतात. माणसांवर हल्ले झाल्याच्या घटना तेथे घडल्या आहेत. म्हणून वस्तीच्या बाजूचा पट्टा गवताचा आणि बुटक्या, विरळ झुडपांचा ठेवावा आणि दाट झाडी वस्तीपासून दूरच्या अंगाला नेऊन जंगलाला जोडावी. लागवडीच्या नकाशावर ही रेघ काढलेली नसेल तर तो नकाशा अपुरा आहे असे समजावे.

परदेशातील यशोगाथा वाचून तीच झुडपे मागवण्याचा मोहही टाळावा. उत्तर चीनमधील शान्शी प्रांतात पिंगशुओ येथील खुल्या खाणीच्या ढिगाऱ्यांवर सी बकथॉर्न हे काटेरी झुडूप लावून उत्तम काम झाले आहे. ते शेंगावर्गीय नसूनही मुळांवरच्या फ्रँकिया जिवाणूंच्या साहाय्याने नत्र बांधते. आपल्याकडे ते लडाखच्या थंडीत वाढते, विदर्भाच्या उन्हाळ्यात वाढणार नाही. त्या कामातून आपण घ्यावयाचे ते एवढेच की, नत्र बांधणारे झुडूप आधी लावले गेले आणि ते त्याच हवामानातले होते.

रोपांच्या यादीइतकेच महत्त्व जिवाणूंना आहे. निर्जीव खडकात बी पेरले तर गाठी तयार करणारे जिवाणूच तेथे नसतात, म्हणून बियांना रायझोबियम या गाठी करणाऱ्या जिवाणूंचे संवर्धन (पाकिटात मिळणारे जिवंत जिवाणू) चोळून पेरावे आणि पिशवीतल्या रोपांना मायकोरायझा, म्हणजे मुळांशी जोडून राहून त्यांना अन्नद्रव्ये मिळवून देणारी बुरशी, द्यावी. नागपूरच्या नीरी या संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर आणि चंद्रपूर भागातील कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ), नत्र बांधणारे जिवाणू आणि मायकोरायझा एकत्र वापरून हेच केले, आणि ही पद्धत आता जुनी, तपासलेली आहे. संवर्धनाच्या पाकिटाबरोबर आणखी एक उपाय करावा. जवळच्या जंगलात त्याच जातीच्या झुडपाखालची थोडी माती वन विभागाच्या परवानगीने आणून रोपवाटिकेच्या मिश्रणात मिसळावी, कारण तेथली बुरशी त्या मुळांना आणि त्या उन्हाला सरावलेली असते. गाठींना स्फुरदही (फॉस्फरस) लागते आणि ढिगाऱ्यात उपलब्ध स्फुरद फारच कमी असते, म्हणून खड्ड्यात थोडे सिंगल सुपर फॉस्फेट किंवा रॉक फॉस्फेट टाकावे. युरिया मात्र टाकू नये. आयता नत्र मिळाला की वनस्पती गाठी करायचे सोडून देते.

या सगळ्याच्या आधी उतार आणि पाणी यांची व्यवस्था झालेली असली पाहिजे. डंपरने टाकलेला ढीग स्वाभाविकपणे सुमारे ३७ अंशांच्या उताराने उभा राहतो. त्या उतारावर काहीही लावले तरी ते वाहून जाते. खाणींना मिळणाऱ्या पर्यावरण मंजुरीत ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा अशी अट सामान्यतः असते, आणि कोळसा मंत्रालयाने २००९ साली खाण बंद करण्याच्या आराखड्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढल्यापासून टप्पे पाडणे आणि खोदलेला खड्डा पुन्हा भरणे ही खाण कंपनीची जबाबदारी ठरलेली आहे. त्यामुळे आपल्या कंपनीने हा खर्च करू नये. उतार कमी केलेला आहे, टप्पे आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत, पायथ्याला दगडी भिंत आणि चर आहे, आणि ढिगाऱ्यात कुठेही धुमसणारा कोळसा नाही, एवढे प्रत्यक्ष पाहून मगच करार करावा. वरची माती साठवलेली आहे का हेही विचारावे. असल्यास किती वर्षे पडून आहे ते पाहावे, कारण उंच ढीग करून ठेवलेल्या मातीतले जिवाणू आणि बियाणे काही वर्षांत संपते. थोडीच माती मिळाली तर ती सगळीकडे पातळ पसरण्यापेक्षा झुडपांच्या पट्ट्यांत देणे मला योग्य वाटते.

पेरणीची वेळ साधी आहे: घट्ट माथा उन्हाळ्यात रिपरने (डोझरमागच्या खोल दात्याने) फोडून ठेवावा, समतल चर काढावेत, आणि पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर बी टाकावे. उन्हाळीच्या बियांचे कवच कठीण असते, म्हणून ते गरम पाण्यात भिजवून घ्यावे आणि गार झाल्यावरच संवर्धन चोळावे. झुडपांच्या ओळींमध्ये मारवेल व कुसळी ही गवते आणि स्टायलो हा शेंगावर्गीय चारा पेरावा. उताराच्या कडांवर वाळा लावावा. फेब्रुवारीपूर्वी जाळरेषा (आग अडवणारा गवत काढलेला पट्टा) काढणे विसरू नये, कारण वाळलेल्या गवताला लागलेला एक वणवा दोन वर्षांचा पाचोळा एका दुपारी संपवतो.

नवी मुंबईत बसून सुधारणा कशी ओळखायची, हा आपल्या प्रश्नातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग आहे, कारण येथेच बहुतेक अहवाल फसवे ठरतात. प्रयोगशाळेतून येणाऱ्या अहवालात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातला कार्बन) हा आकडा सगळे आधी पाहतात. कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर तो आकडा विश्वासार्ह नसतो. नेहमीच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत कोळशाच्या आणि काळ्या शेलच्या कणांतील कर्बाचाही काही भाग मोजला जातो, त्यामुळे एकही पान न पडलेल्या उघड्या ढिगाऱ्याचा सेंद्रिय कर्ब सुपीक शेतापेक्षा जास्त दिसू शकतो. म्हणून लागवडीच्या आधीचा नमुना अनिवार्य करावा, आणि कर्बाबरोबर एकूण नत्र व शक्य असल्यास जिवाणूंचा जैवभार (मातीतल्या जिवंत जिवाणूंचे एकूण वजन) मोजायला सांगावे. कर्ब भरपूर आणि नत्र नगण्य असेल तर तो कर्ब कोळशाचा आहे हे ओळखावे. वर्षागणिक नत्र वाढत गेला तरच माती घडते आहे.

प्रयोगशाळेशिवायही काही गोष्टी पाहता येतात, आणि आपण वर्षातून एकदा, शक्यतो ऑगस्टच्या अखेरीस, स्वतः जाऊन त्या पाहाव्यात. तुरीचे किंवा उन्हाळीचे एखादे रोप हलकेच उपटून मुळांवरच्या गाठी नखाने कापाव्यात. आत गुलाबी-लाल रंग असेल तर त्या काम करत आहेत, पांढरट किंवा हिरवट असतील तर नाहीत. तळ नसलेला पत्र्याचा डबा जमिनीत थोडा रुतवून त्यात ठरावीक पाणी ओतावे आणि ते मुरायला लागणारा वेळ नोंदवावा. झुडपाखाली आणि मोकळ्या जागेत हा वेळ वेगळा येऊ लागला की मुळांनी जमीन मोकळी केली आहे असे समजावे. मातीचे वाळलेले ढेकूळ पाण्यात टाकून ते लगेच विरघळते की आकार धरून राहते हेही पाहावे. वाळवी, गांडूळ आणि आपोआप उगवलेली रोपे यांची नोंद ठेवावी. वाळवीला आपण शत्रू मानतो, पण कोरड्या प्रदेशात वाळलेला काटक-पाला जमिनीत नेण्याचे काम मुख्यतः तीच करते. तुलनेसाठी शेजारच्या जंगलातला आणि लागवड न केलेल्या ढिगाऱ्याचा, असे दोन्ही नमुने दरवर्षी सोबत घ्यावेत, नाही तर चांगल्या पावसाच्या वर्षाचे श्रेय लागवडीला मिळेल.

यावरून कराराचे स्वरूप आपोआप बदलेल. जगलेल्या रोपांच्या टक्केवारीवर सगळे पैसे देऊ नयेत, कारण तसे केले की कंत्राटदार टँकरने पाणी घालून रोपे जगवतो आणि मुदत संपताच ती वाळतात. मी असे सुचवेन की मुदत पाच वर्षांची करावी, झाडांची संख्या पहिल्या दोन वर्षांत शून्य ठेवावी, तिसऱ्या पावसाळ्यापासून झुडपांच्या आडोशाला हेक्टरी ४०० ते ५०० स्थानिक झाडे लावावीत, आणि निम्मी रक्कम जमिनीवरील आच्छादन, पाणी मुरण्याचा वेग व एकूण नत्र यांतल्या वाढीशी जोडावी. ३०,००० हा आकडा वार्षिक अहवालात भरघोस दिसतो हे मला ठाऊक आहे. तो सोडून देण्याचे धैर्य आपल्या वरिष्ठांनी दाखवावे अशी माझी मनापासून विनंती आहे. राखणीचे काम गावातल्याच माणसांना, शक्यतो ज्यांची शेती खाणीत गेली त्या कुटुंबांना द्यावे; चराई थांबते ती बहुतेक वेळा कुंपणाने नव्हे, गावाने मनावर घेतल्याने.

तुर्भे-पावणे भागातील दगडखाणींविषयी थोडक्यात लिहितो. तत्त्व तेच आहे, तपशील बराच वेगळा आहे. तेथे ढिगाऱ्यापेक्षा बेसॉल्टचा (सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा) उभा कापलेला कडा आणि तळातली दगडाची भुकटी हा प्रश्न आहे. बेसॉल्टमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुरेसे असते, कोळशाचे कण नसल्याने सेंद्रिय कर्बाची चाचणी भरवशाची असते, पण नत्राची उणीव तितकीच आहे. पाऊस विदर्भाच्या दुपटीच्या आसपास आणि चार महिन्यांत कोसळणारा, त्यामुळे भुकटी वाहून नाले भरण्याचा धोका अधिक आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना पूर्वेकडच्या पारसिक डोंगराच्या जुन्या कापलेल्या अंगांकडे लक्ष देऊन पाहावे. जेथे माणसाने काही केलेले नाही तेथेही धायटी, कुडा आणि करवंद खडकाच्या फटींतून आलेली दिसतात. लावायच्या झुडपांची यादी तेथूनच तयार करावी आणि बियाही तेथूनच, कुणाच्या जागेतल्या आहेत हे विचारून, गोळा कराव्यात. कड्याच्या पायथ्याशी दगडांचे अनघड बांध घालून भुकटी अडवली की दोन पावसाळ्यांत त्या बांधांमागे पेरण्याजोगा थर साठतो, आणि पेरणीची सुरुवात तेथूनच करावी.